पहिल्या दिवशी फक्त उतरायचं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी नाशिकची. वय ५९, गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. ऑक्टोबरमध्ये माझी मुलगी मोरोक्कोतल्या फेझ शहरात एका परिषदेला जाते आहे आणि हट्टानं मलाही नेते आहे. गुरुवारी रात्री पोहोचू. शुक्रवार ते रविवार ती दिवसभर नव्या शहरातल्या सभागृहात अडकलेली, संध्याकाळी मोकळी. आमचा मुक्काम जुन्या शहरात, बाब बू जलूद नावाच्या वेशीजवळच्या एका रियादमध्ये, म्हणजे जुन्या घरातल्या हॉटेलात, आहे. मुलगी म्हणते, ''आई, पहिल्या दिवशी तू खोलीतच आराम कर. त्या गल्ल्यांत माणसं हरवतात, गाइड म्हणून पोरं मागे लागतात.'' यजमान गेल्यापासून मी एकटी परगावीसुद्धा गेलेले नाही. इंग्रजी जेमतेम, फ्रेंच-अरबी शून्य. शाकाहारी आहे (अंडं चालतं), थोडी शुगर आहे, गुडघे कुरकुरतात. पण इतक्या लांब जाऊन दिवसभर भिंतींकडे बघत बसणं मनाला पटत नाही. एकटीनं बाहेर पडू का? पडले तर कुठे जाऊ, काय खाऊ, काय घालू? टिकली लावू की नको? — एक वाचक, नाशिक

उत्तर :

प्रिय ताई,

पडा बाहेर. एकटीनं पडा, आणि पहिल्याच दिवशी पडा. मात्र अख्खं शहर बघून टाकायच्या इराद्यानं नको. शुक्रवारी सकाळी एकच रस्ता धरायचा, तोही वरून खाली, आणि तो जिथे संपतो तिथून टॅक्सीनं परत यायचं. बाकीचं शनिवारी-रविवारी. एवढं ठरवून निघालात तर तुमच्या गुडघ्यांनाही झेपेल आणि मुलीचा जीवही टांगणीला लागणार नाही.

वरून खाली का, ते आधी सांगते. फेझचं जुनं शहर एका खोलगट जागेत वसलं आहे. मधून नदी, आणि तिच्या दोन काठांवर सुरुवातीला दोन वेगळी गावं होती. आठव्या शतकाच्या अखेरीस इद्रिस पहिला यानं उजव्या काठावर वस्ती केली, पुढे त्याच्या मुलानं, इद्रिस दुसरा यानं, डाव्या काठावर. एका काठावर स्पेनमधल्या कॉर्दोबातून हाकलून दिलेली कुटुंबं येऊन राहिली, दुसऱ्यावर ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेली. दोन्ही गावांच्या भिंती वेगळ्या होत्या. अकराव्या शतकात त्यांचं एक शहर झालं. जमीन मात्र अजून तशीच आहे. दोन्ही बाजूंनी उतार मध्याकडे, नदीकडे जातो. सराफ बाजारातून निघालं की पाऊल आपोआप गोदेकडे उतरतं, हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. फेझमध्येही पायाखालच्या उतारावर तसाच भरवसा ठेवा. उतार लागला तर तुम्ही शहराच्या मध्याकडे चालला आहात, चढ लागला तर वेशीकडे. उंच भिंतींमधल्या त्या अरुंद बोळांत मोबाइलचा नकाशा भरकटतो, निळा ठिपका भलत्याच गल्लीत दिसायला लागतो. तेव्हा ठिपक्याकडे न बघता उताराकडे बघा.

आता पहाटेचं. मोरोक्कोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तासांनी मागे असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी तुमची झोप अंधारातच मोडणार. ऑक्टोबरात तिथे सूर्य सात-साडेसातला उगवतो. उजाडायच्या आत एकटीनं बाहेर पडू नका, गच्चीवर जा. रियाद म्हणजे मधोमध चौक असलेलं जुनं घर. बाहेरून नुसती कोरी भिंत आणि एक दार, पण वर बहुतेक ठिकाणी गच्ची असते. मुलगी निघण्याआधी तिला वर घेऊन या आणि दोघी मिळून चार गोष्टी ओळखून ठेवा : बू जलूदची वेस कुठल्या बाजूला, जमीन कुठे उतरते, उत्तरेच्या टेकडीवर दिसणारे मरिनी घराण्यातल्या सुलतानांच्या थडग्यांचे भग्न अवशेष, आणि जवळचा मिनार. ही दहा मिनिटं तुम्हाला दिवसभर पुरतील. रियादच्या दाराचा, गल्लीच्या तोंडाचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचा फोटो काढून ठेवा. रियादचं कार्ड घ्या आणि त्याच्या मागे पत्ता, फोन आणि जवळच्या वेशीचं नाव अरबीत लिहून मागा. कार्ड पर्समध्ये नको, कुर्त्याच्या खिशात ठेवा.

तुमचा पहिला दिवस शुक्रवार आहे, हे मुलीच्या लक्षात आलंय का माहीत नाही. जुन्या शहरात शुक्रवारी बरीच दुकानं उघडतच नाहीत आणि उघडलेली दुपारच्या नमाजाआधी मिटायला लागतात. दुपारनंतर गल्ल्या अगदी ओस पडतात. बाजाराच्या हौशीनं आलेल्या प्रवाशाचा यानं विरस होतो, पण तुमच्यासाठी मला हा दिवस चांगला वाटतो. गर्दी कमी, खेचरांची ये-जा कमी, मागे लागणारी पोरंही कमी. फक्त वेळ पाळा. नऊच्या सुमारास निघा आणि साडेबाराच्या आत परत या. ओस गल्लीत एकटं चालताना ओळखीचा रस्तासुद्धा अनोळखी वाटायला लागतो, आणि पहिल्याच दिवशी तो अनुभव घ्यायची काही गरज नाही.

रस्ता असा. बाब बू जलूदपासून सुरुवात करा. ही वेस जुनी वाटते, पण ती १९१३ मध्ये, फ्रेंच अमलात बांधलेली आहे. तिच्या बाहेरच्या अंगाला निळ्या फरशांची नक्षी आहे, आतल्या अंगाला हिरव्या. परतताना ही खूण कामी येते : हिरवी बाजू दिसते आहे म्हणजे तुम्ही अजून आत आहात. आत शिरलं की खाली उतरणारे दोन मुख्य रस्ते लागतात. डावीकडे वळून मिळते ती तालआ कबीरा, म्हणजे मोठी; दुसरी तालआ सगीरा, धाकटी. दोन्ही शेवटी एकाच भागात पोहोचतात. तुम्ही मोठी घ्या. इथून शहराच्या काळजापर्यंत अंतर जेमतेम सव्वा-दीड किलोमीटर आहे. न थांबता गेलात तर अर्धा तास. तुम्ही तीन तास लावा.

वेशीपासून थोडंच पुढे बू इनानिया मदरसा लागेल. तिथे सगळ्यात आधी जा, कारण तो मशीद म्हणूनही वापरात आहे आणि नमाजाच्या वेळी पाहुण्यांना बंद होतो. मोरोक्कोत मुस्लिम नसलेल्यांना मशिदींत सहसा प्रवेश नसतो. मदरशांच्या चौकात मात्र तिकीट काढून जाता येतं. सुलतान अबू इनान यानं तो १३५० ते १३५५ या काळात बांधला. चौकात उभं राहून नजर खालून वर न्या. आधी रंगीत फरशांचे बारीक तुकडे कापून जुळवलेली नक्षी, तिच्यावर गिलाव्यात कोरलेलं काम, सगळ्यात वर देवदाराचं लाकूड. सावलीत बसायला जागा मिळाली तर बसा.

याच अबू इनानच्या दरबाराशी आपलाही एक धागा जुळतो. टँजिअरचा इब्न बतूता १३२५ मध्ये घरातून निघाला, दिल्लीत महंमद तुघलकाच्या पदरी राहिला आणि तिथून दक्षिणेकडे येताना दौलताबाद आणि नंदुरबारवरून गेला. म्हातारपण जवळ आल्यावर तो फेझला परतला, तेव्हा या सुलतानानं त्याला सगळी हकीकत सांगायला लावली आणि इब्न जुझय्य नावाच्या लेखकाकडून ती लिहून घेतली. हे काम १३५५ मध्ये पुरं झालं. त्या वृत्तान्तात नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल लिहिलं आहे : हे लोक भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात आणि प्राण्यांना मारणं त्यांना आवडत नाही. म्हणजे तुम्ही तिथे ''मांस नको'' म्हणाल, तेव्हा या शहरानं आपल्याकडच्या माणसांबद्दल ते पहिल्यांदा ऐकलेलं नसेल. मला हे फार जवळचं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पुढे रस्ता उतरत जातो, कधी वर लाकडी जाळीचं छत येतं, कधी एकदम उजेड. जुन्या शहरात मोटारी नाहीत. गॅसच्या टाक्या, विटा, कातडी, कोथिंबिरीच्या जुड्या, सगळं खेचरांवरून आणि हातगाड्यांवरून जातं. मागून ''बालाक, बालाक'' असा आवाज आला की मागे वळून बघत बसू नका, लगेच भिंतीला चिकटा. खेचराच्या पाठीवरचं ओझं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं असतं आणि हाकणाऱ्याला उतारावर थांबता येत नाही. गल्लीचे दगड गुळगुळीत आहेत, ओले असले तर घसरतात. नवे बूट घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि महिनाभर नाशकात वापरा.

वाटेत लाकडी फळीवर कणकेचे गोळे घेऊन चाललेली मुलं किंवा बायका दिसल्या तर त्यांच्या मागे नजर टाका. ती मोहल्ल्याच्या भट्टीकडे जात असतात. पुष्कळ घरांतून अजूनही कणीक घरी मळतात आणि पाव सार्वजनिक भट्टीत भाजून आणतात. दारातून आत डोकावलं आणि हसून ''सलाम आलेकुम'' म्हटलं तर कुणी रागावत नाही.

खाली नज्जारीनचा चौक लागतो, सुतारांचा. तिथे अठराव्या शतकातली एक व्यापाऱ्यांची सराय आहे, तिचं आता लाकूडकामाचं संग्रहालय केलं आहे. तुमच्यासाठी ही जागा दोन कारणांनी महत्त्वाची : वर गच्चीवर चहा मिळतो, आणि स्वच्छतागृह आहे. जुन्या शहरात बाईमाणसाला ही सोय शोधावी लागते, म्हणून इथे थांबाच. पर्समध्ये टिश्यू ठेवा. गुडघे बोलायला लागले असतील तर इथे अर्धा तास बसा आणि मुलीला फोन करा.

मग अत्तारीनची गल्ली, मसाल्यांची आणि सुगंधांची, आणि ती संपते तिथे करवीयीनची मशीद. ताई, तुम्ही आयुष्यभर शाळेत शिकवलंत, म्हणून या दारापाशी जरा जास्त वेळ उभ्या राहा. परंपरा सांगते की कैरवानहून आलेल्या एका व्यापाऱ्याच्या मुलीनं, फातिमा अल्-फिहरी हिनं, वडिलांकडून मिळालेल्या पैशातून ८५९ मध्ये ही मशीद उभारली. तिच्याभोवती शिक्षण वाढत गेलं आणि ते आजतागायत चालू आहे. १९६३ मध्ये ती सरकारी विद्यापीठ झाली. इथलं जुनं ग्रंथालय ओल आणि पडझडीनं धोक्यात आलं होतं. ते दुरुस्त करण्याचं काम फेझमध्येच जन्मलेल्या अझिझा शाउनी या वास्तुरचनाकार बाईंनी केलं आणि ते २०१६ मध्ये पुरं झालं. तुम्हाला आत जाता येणार नाही. पण मशिदीला पुष्कळ दारं आहेत आणि ती उघडी असतात तेव्हा चौक, कारंजं आणि कमानींच्या रांगा बाहेरून दिसतात. उंबऱ्याबाहेर उभं राहून बघण्याला कुणाची हरकत नसते. नमाज पढणाऱ्यांचे फोटो मात्र काढू नका. शेजारचा अत्तारीन मदरसा (१३२३ ते १३२५) लहान आहे आणि त्याचं कोरीवकाम बू इनानियापेक्षाही नाजूक आहे. वेळ अकराच्या आतली असेल तर तोही बघा, नाहीतर शनिवारसाठी राहू दे.

करवीयीनच्या भिंतीला धरून फिरलात की सफ्फारीन नावाचा छोटा चौक येतो. हा तांबटांचा. एरवी इथे हातोड्यांचा आवाज कानठळ्या बसवतो. शुक्रवारी बरेच तांबट सुट्टीवर असतील. इथून कुणालाही विचारा, ''फीन रसिफ?'' म्हणजे रसिफ कुठे. काही मिनिटांत तुम्ही रसिफच्या चौकात पोहोचाल. जुन्या शहराच्या पोटात मोटारी येऊ शकतात अशा थोड्या जागांपैकी ही एक. लाल रंगाच्या छोट्या टॅक्सी उभ्या असतात. बसताना ड्रायव्हरला मीटर टाकायला सांगा आणि ''बाब बू जलूद'' एवढंच म्हणा. टॅक्सी शहराच्या भिंतीबाहेरून वळसा घालून तुम्हाला निघालात तिथेच सोडते. दिवसा भाडं साधारण दहा-वीस दिरहमच्या (दिरहम म्हणजे तिथलं चलन) घरात होतं. रात्री आठनंतर दर दीडपट. रसिफची ही टॅक्सी माहीत नसल्यामुळे कितीतरी वयस्क माणसं भर दुपारी तालआचा चढ परत चढतात आणि संध्याकाळी पाय धरून बसतात. तुम्ही चढू नका.

चर्मालय, म्हणजे शुवाराचे ते प्रसिद्ध रंगांचे हौद, पहिल्या दिवशी टाळा. ते बघण्यासारखे आहेतच. कातडी चुना आणि कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात भिजवून मऊ करतात, मग माणसं हौदात उतरून पायांनी तुडवतात आणि पुढे रंगवतात. पण ते दिसतात चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून. दुकानदार वासासाठी हातात पुदिन्याची काडी देतो, वर नेतो, आणि परतीची वाट दुकानातून असते. तिथे नाही म्हणत बाहेर पडायला थोडा सराव लागतो. शनिवारी अधिकृत गाइड घ्या आणि त्याच्यासोबत जा. गाइड रियादमार्फत घ्या, त्याच्याकडे सरकारी ओळखपत्राचा बिल्ला असतो. निघण्याआधीच सांगा की खरेदी करायची नाही, दुकानांत नेऊ नका. पहिल्या दिवशी गाइड नको म्हणते, त्याचं कारण असं की गाइडच्या मागे चालताना माणूस त्याची पाठ बघत चालतो, वळणं लक्षात राहत नाहीत. एकदा स्वतः उतरून आलात की दुसऱ्या दिवशी तो जे सांगेल ते कुठल्या जागेबद्दल आहे, हे तुम्हाला कळेल.

आता मागे लागणाऱ्या पोरांबद्दल. मुलगी म्हणते ते खरं आहे. ''पुढे रस्ता बंद आहे'', ''चर्मालय इकडे'', ''आज सण आहे, लवकर चला'', असं काहीबाही सांगत ती बरोबर चालायला लागतात आणि शेवटी पैसे मागतात. बहुतेक वेळा रस्ता बंद नसतो. थांबू नका, वाद घालू नका, कुठून आलात हेही सांगू नका. छातीवर उजवा हात ठेवून ''ला, शुक्रन'' (नको, धन्यवाद) म्हणा आणि चालत राहा. हात छातीशी नेण्यात नकारही आहे आणि मानही आहे. तिथली माणसं आपापसांतही तसंच करतात. तरी कुणी सोडलं नाही तर जवळच्या उघड्या दुकानात शिरा. रस्ता विचारायचा तो दुकानात बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला किंवा मुलांना घेऊन चाललेल्या बाईला. स्वतःहून दाखवायला आलेल्याला नाही. आणि समजा, खरंच वाट चुकली, दमलात, जीव घाबरा झाला, तर कुणाला तरी रियादचं कार्ड दाखवा, दहा-वीस दिरहम आधी ठरवा आणि सरळ पोहोचवायला सांगा. त्यात फसवणूक नाही की कमीपणा नाही. पोलिसांचा नंबर १९, मोबाइलमध्ये घालून ठेवा.

खाण्याची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नाही, पण डोळे मिटून खाण्यासारखंही नाही. रियादच्या न्याहारीत पाव, ऑलिव्ह, मध, अंडी आणि मसेमन नावाची पदर सुटणारी चौकोनी पोळी असते. पोटभर खाऊनच निघा. फेझमध्ये सकाळी छोट्या टपऱ्यांवर बिसारा मिळतो : सुक्या बाकल्याच्या डाळीचं दाट सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड, सोबत गरम पाव. तो तुम्हाला आवडेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. झालूक हे वांगी-टोमॅटोचं भरीत आणि तक्तूका हे भाजलेल्या ढोबळी मिरचीचं, दोन्ही चालतील. हरीरा सूप बघायला डाळीचं दिसतं, पण त्यात बहुधा मटण किंवा मटणाचं पाणी असतं. शुक्रवारी घरोघरी कुसकुस (गव्हाच्या रव्याचा वाफवलेला पदार्थ) होतो आणि रियादवाले प्रेमानं आग्रह करतील. ''सात भाज्यांचा'' असला तरी तो सहसा मांसाच्या रश्श्याच्या वाफेवर शिजवतात. म्हणून गुरुवारी रात्री पोहोचल्यावरच सांगून ठेवा की दुपारी माझ्यासाठी वेगळा, नुसत्या भाज्यांवर शिजवलेला हवा. ''ब्ला ल्हम'' म्हणजे मांसाशिवाय, ''ब्ला दजाज'' म्हणजे कोंबडीशिवाय. दोन्ही म्हणा, कारण नुसतं मांस नको म्हटलं की कोंबडी ताटात येऊ शकते.

पुदिन्याचा चहा साखरेत बुडालेला असतो. मागतानाच ''ब्ला सुक्कर'' सांगा. पाणी बाटलीचं प्या. साडेचार तासांच्या फरकानं गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा कशा बदलायच्या, ते निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. हे अजिबात टाळू नका. कुर्त्याच्या दुसऱ्या खिशात चिक्की किंवा खजूर असू दे.

मोरोक्कोचा दिरहम भारतात मिळत नाही, तिथे विमानतळावर किंवा एटीएममधून घ्यावा लागतो. एक दिरहम साधारण नऊ-दहा रुपयांचा धरा. मुलीकडून दोन-तीनशे दिरहम सुट्टे घेऊन ठेवा, वीसच्या नोटा आणि नाणी. मोठी रक्कम आणि पासपोर्ट रियादच्या तिजोरीत, पासपोर्टची झेरॉक्स जवळ.

कपड्यांसाठी नवं काही घेऊ नका. सलवार-कुर्ता आणि ओढणी तिथे अगदी शोभेल. बायका जेलाबा नावाचा पायघोळ झगा घालतात. डोकं झाकायची सक्ती नाही. साडी नेसता येईल, पण उतार आणि खेचरं लक्षात घेता पहिल्या दिवशी नको.

आणि टिकली लावाच. तुम्ही रोज लावत असाल तर परदेशात जाऊन ती काढायची काय गरज? मोरोक्कोत हिंदी सिनेमाचं वेड जुनं आहे. पन्नाशी-साठीच्या बायकांनी तरुणपणी थिएटरात बसून आपली गाणी ऐकली आहेत. टिकली बघून कुणी ''हिंद?'' विचारेल, कुणी अमिताभचं किंवा शाहरुखचं नाव घेईल, एखादी आजी गाण्याची ओळही म्हणेल. जेमतेम इंग्रजीनं जे होणार नाही ते तिथे होऊन जाईल. फक्त एक फरक ओळखा. स्वतःच्या दुकानात बसून नटांची नावं घेणाऱ्याशी खुशाल बोला. तीच नावं घेत रस्त्यात बरोबर चालायला लागणाऱ्याला ''ला, शुक्रन''.

राहिली तुमची मुलगी. तिच्या बोलण्याचा राग मानू नका. वडील गेल्यावर आईच्या बाबतीत मुलं अशीच घाबरट होतात, आणि परक्या शहरात सभागृहात बसून तिला दुसरं काही करता येणार नाही. तिला ''काळजी करू नकोस'' म्हणून उपयोग नाही. तिच्या हातात काहीतरी द्या. हाच रस्ता कागदावर लिहून द्या : बू जलूद, बू इनानिया, नज्जारीन, करवीयीन, सफ्फारीन, रसिफ, टॅक्सी. दोन फोन ठरवा, एक नज्जारीनच्या गच्चीवरून, दुसरा टॅक्सीत बसल्यावर. मधल्या वेळात तिनं फोन करायचा नाही, कारण जाड भिंतींच्या गल्लीत रेंज जाते आणि एक फोन लागला नाही की ती परिषद सोडून निघेल. एक वाजेपर्यंत तुमचा दुसरा फोन आला नाही तर तिनं आधी रियादला कळवायचं. तिथली माणसं ही वाट रोज चालतात, तिच्यापेक्षा लवकर तुम्हाला शोधतील.

संध्याकाळी ती मोकळी झाली की दोघी टॅक्सीनं उत्तरेकडच्या टेकडीवर, बोर्ज नॉर्द या जुन्या किल्ल्यापाशी जा. तिथून सगळं जुनं शहर एका नजरेत येतं. टॅक्सी थांबवून ठेवा आणि अंधार पडायच्या आत खाली या, तो भाग रात्री निर्मनुष्य असतो. सकाळी कुठून निघालात आणि कुठे पोहोचलात ते तिला तिथून बोटानं दाखवा. मग शनिवारी पुन्हा एकटीनं बाहेर पडायची परवानगी तुम्हाला मागावी लागणार नाही.